पुलापलीकडच्या साडूचं मत

डेलावेअरकाठी

माझ्या घरापासून साडूचं घर गाडीने पंचवीस मिनिटांवर. मध्ये डेलावेअर नदी आणि ट्रेंटनचा तो जुना लोखंडी पूल, ज्याच्या अंगावर 'ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स' अशी भलीमोठी अक्षरं आहेत. मी अलीकडे न्यू जर्सीत, साडू पलीकडे पेनसिल्वेनियाच्या बक्स काउंटीत. दोघांचे पगार उन्नीस-बीस, दोघांची पोरं रविवारी एकाच मराठी शाळेत, दोघं एकाच वर्षी नागरिक झालो.

२०२४ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो. मेव्हणी चकल्या पाडत होती. कागदावर नाही, ट्रम्प आणि हॅरिस यांच्या प्रचाराच्या कार्डांवर. म्हणाली, "रोज आठ-दहा येऊन पडतात. जाड असतात, गुळगुळीत असतात, चकली अलगद सुटते." जेवण होईपर्यंत दोनदा दार वाजलं. एकदा एका पक्षाची कॉलेजातली मुलगी, एकदा दुसऱ्या पक्षाचे आजोबा. त्याच काउंटीत, फीस्टरविलला, आदल्या रविवारी ट्रम्प स्वतः मॅकडोनल्ड्समध्ये एप्रन बांधून फ्राइज तळून गेले होते. घरी येऊन मी माझी टपालपेटी उघडली. पिझ्झ्याचं एक कूपन आणि छताच्या पन्हळी साफ करून देणाऱ्याची जाहिरात.

कारण उघड आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला लोक थेट निवडत नाहीत. ५३८ इलेक्टर, म्हणजे राज्याराज्यांतून नेमलेले प्रतिनिधी, निवडतात, २७० झाले की जिंकलं. प्रत्येक राज्याला हाउसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात, जितके सदस्य तितके इलेक्टर, वर वरच्या सभागृहाचे, सेनेटचे दोन, आणि राजधानी वॉशिंग्टनला ३. दोन राज्यं सोडली तर ज्याला राज्यात एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर. न्यू जर्सीचे १४ हॅरिसना जाणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. पेनसिल्वेनियाचे १९ कुठे जातील ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून साडूच्या मताला सोन्याचा भाव आणि माझ्या मताला रद्दीचा.

२००० मध्ये गोर यांना देशभरात सुमारे ५ लाख ४३ हजार मतं जास्त होती. फ्लोरिडात ५३७ मतांनी गेले आणि राष्ट्राध्यक्ष झाले बुश. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन साधारण २८ लाख ७० हजारांनी पुढे होत्या आणि हरल्या. माझं म्हणणं साधं आहे: सगळी मतं एकत्र मोजा, ज्याला जास्त तो राष्ट्राध्यक्ष. या व्यवस्थेच्या बाजूने कुणाकडे खरंच काही युक्तिवाद आहे का? असेल तर ऐकायची तयारी आहे.

सातारकर गुरुजी

आहे. तुमची सुरुवातच चुकली आहे. तुम्ही देशाला मत देतच नाही, न्यू जर्सीला देता, आणि न्यू जर्सी आपले मत देशाला देते. तो देश राज्यांनी एकत्र येऊन केलेला आहे, नाव वाचले तरी कळते. पाच सामन्यांच्या मालिकेत एका संघाने एक सामना २०० धावांनी जिंकला आणि तीन थोडक्यात गमावले, तर एकूण धावा जास्त म्हणून चषक त्याला देतात का?

दुसरे, व्यवहाराचे. फ्लोरिडातला तो फोटो आठवा: ब्रॉवर्ड काउंटीतले न्यायाधीश भिंग लावून, डोळे वटारून, मतदाराने मतपत्रिकेत पाडलेले भोक नीट पडले का ते बघताहेत. ३६ दिवस देश टांगणीला होता. पण टांगणीला एकच राज्य होते. थेट मोजणीत फरक थोडा पडला तर ते भिंग तीन हजारांहून जास्त काउंट्यांत फिरवावे लागेल. प्रत्येक राज्याचे कायदे वेगळे, ओळखपत्राचे नियम वेगळे, टपाली मतांची मुदत वेगळी. वादाची आग लागली तर ती एका खोलीत कोंडता यावी, अशी ही घराची रचना आहे.

वैशाली_कोथरूड

गुरुजी, मालिकेतले बाकीचे सामने आधीच ठरलेले म्हणून रद्द करून फक्त सात मैदानांवर खेळले तर तुम्ही तिकीट काढाल का? २०२४ मध्ये हेच झालं. पेनसिल्वेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना, नेवाडा. बाकी ४३ राज्यं पॅव्हेलियनमध्ये.

आणि आग एका खोलीत कोंडण्याबद्दल. भांडण २००० मध्ये पेटलं ते या रचनेमुळेच. ५३७ मतांवर रणकंदन झालं, देशभरात फरक पाच लाखांवर होता. २०२० मध्ये बायडन ७० लाखांनी पुढे होते. तरीही ॲरिझोना, जॉर्जिया, विस्कॉन्सिन या तिघांतली मिळून ४३ हजार मतांची आघाडी पुसली गेली असती तर २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती. मग निर्णय हाउसकडे जातो, आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. पावणेसहा लाखांच्या वायोमिंगला एक, चार कोटींच्या घरातल्या कॅलिफोर्नियाला एक. ७० लाखांत भिंग कुणी काढलं नसतं.

टेक्सासचा तात्या

आलो एकदाचा. अहो ताई, तुमची थेट मोजणी आली की राष्ट्राध्यक्ष न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस ठरवणार. आम्ही इथे लबकजवळ राहतो, आजूबाजूला कापसाची शेतं. इथल्या शेतकऱ्याचं दुखणं मॅनहॅटनच्या बत्तिसाव्या मजल्यावरून दिसतं का? उमेदवार दहा शहरांत सभा घेतील आणि विमानात बसतील. खेड्यातल्या माणसाला हे इलेक्टर म्हणजे शेवटचं कुंपण आहे.

वैशाली_कोथरूड

तात्या, गेल्या चार निवडणुकांत लबकला कोण आलं होतं ते सांगा. टेक्सास ठरलेलं राज्य, म्हणून तुमच्या शेतकऱ्यालाही रद्दीचाच भाव. देशातली सर्वांत मोठी दहा शहरं एकत्र केली तरी लोकसंख्येच्या आठ टक्क्यांच्या आसपास जातात, आणि तीही सगळी एका पक्षाला मतं देत नाहीत.

आता एक कोडं. २०२० मध्ये ट्रम्प यांना सर्वांत जास्त मतं कुठल्या राज्यात पडली?

टेक्सासचा तात्या

टेक्सास. यात कसलं कोडं?

वैशाली_कोथरूड

कॅलिफोर्निया. ६० लाख. टेक्सासात ५९ लाखांना थोडी कमी. आणि त्या ६० लाखांतून इलेक्टर किती आले? शून्य. तुमच्याकडे बायडन यांना ५२ लाखांवर मतं पडली, तीही शून्य. कुंपण खेड्याभोवती नाही हो, राज्याच्या सीमेभोवती आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा शेतकरी त्याच्या बाहेर राहतो.

टेक्सासचा तात्या

हे मला खरंच माहीत नव्हतं. पण म्हणून मत बदललं असं समजू नका.

कोकम सरबत

सगळे राज्यांचे हक्क, लहान राज्यांचं रक्षण वगैरे बोलताय, मुळाशी कुणी जात नाहीये. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिताना थेट निवडणुकीचा पर्याय चर्चेत होताच. घटनेचे एक मुख्य शिल्पकार मॅडिसन यांनीच तिथे सांगितलं की लोकांकडून निवड हा मार्ग चांगला, पण अडचण अशी की उत्तरेत मतदार जास्त, आणि दक्षिणेला गुलामांच्या जोरावर त्यात काहीच वजन मिळणार नाही. गुलामाला मत नाही, पण हाउसच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची हे ठरलेलं होतं. इलेक्टरचा आकडा त्या जागांवरून काढला की मोजणीचा तो लाभ आपोआप राष्ट्राध्यक्षाच्या निवडीत आला.

धागाकर्त्यांच्या साडूच्या राज्याचंच उदाहरण घ्या. १८०० च्या जनगणनेत स्वतंत्र माणसं व्हर्जिनियापेक्षा पेनसिल्वेनियात जास्त होती. इलेक्टर मिळाले पेनसिल्वेनियाला २० आणि व्हर्जिनियाला २४. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचा होता, हा योगायोग समजायचा का?

आणि बदल जवळ आला होता तेव्हा अडवला कुणी? १९६८ मध्ये वर्णभेदवादी जॉर्ज वॉलेस यांनी ४६ इलेक्टर मिळवले, सगळे घाबरले. १९६९ मध्ये थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती हाउसमध्ये मंजूर झाली, विरोधात फक्त ७०. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सनही अनुकूल होते. सेनेटमध्ये भाषणं लांबवून लांबवून ती मारली, आणि त्यात पुढे होते स्ट्रॉम थर्मंड, जेम्स ईस्टलंड ही दक्षिणेतली मंडळी.

सातारकर गुरुजी

इतिहास खरा आहे, निष्कर्ष ओढून आणलेला आहे. गुलामगिरी हे एक कारण होते, एकमेव नव्हते. १७८७ मध्ये जॉर्जियाच्या माणसाला मॅसॅच्युसेट्सचा उमेदवार कोण, कसा, हे कळायचे साधनच नव्हते. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, निवडावे तर राष्ट्राध्यक्ष तिचा मिंधा होईल ही भीती. शेवटी सगळे दमले होते आणि कुणालाच फारशी न आवडणारी ही तडजोड पदरात पडली. जन्म वाईट घरात झाला म्हणून आजचा उपयोग बाद होत नाही. लहान राज्यांचे काही सेनेटरही १९७० मध्ये विरोधात होते, ते सगळे काही थर्मंडचे चेले नव्हते.

कोकम सरबत

घर वाईट होतं एवढं मान्य केलंत, आज पुरे.

नेब्रास्काचा नाना

मंडळी, तुम्ही चोर सोडून संन्याशाला धरलंय. मी ओमाहात राहतो. आमच्याकडे राज्याचे ५ इलेक्टर. त्यातले २ अख्ख्या राज्यात जिंकेल त्याला, उरलेले ३ एकेका मतदारसंघात जिंकेल त्याला. मेन राज्यात १९७२ पासून, आमच्याकडे १९९२ पासून असंच आहे. राज्य कट्टर रिपब्लिकन, पण ओमाहाच्या मतदारसंघाने २००८ मध्ये ओबामांना, २०२० मध्ये बायडनना, २०२४ मध्ये हॅरिसना एक इलेक्टर दिला.

२०२४ च्या शरदात आमच्या गल्लीत घरांपुढच्या हिरवळीवर पांढऱ्या पाट्या लागल्या. त्यावर नाव नाही, घोषणा नाही, फक्त मधोमध एक निळा गोल ठिपका. शेजारच्या म्हातारीने माझ्या बायकोला विचारलं, "हे तुमच्या कपाळावरच्यासारखं काही आहे का?" बायको हसून हसून बेजार. निळा रंग डेमोक्रॅटांचा, मग उत्तरादाखल काही अंगणांत रिपब्लिकनांच्या लाल पाट्या आल्या. म्हणजे बघा, ठरलेल्या राज्यात राहूनही आमच्याकडे दोन्ही बाजूंची माणसं दार वाजवतात. सप्टेंबरात बाहेरून जोर लावून हे बंद पाडायचा प्रयत्न झाला. रिपब्लिकनच असलेले माइक मॅकडॉनल हे राज्य सेनेटर नाही म्हणाले, म्हणून ते टळलं.

मुद्दा हा, की 'सगळे इलेक्टर एकाला' हे घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. इलेक्टर कसे नेमायचे ते राज्याच्या विधिमंडळाने ठरवायचं, एवढंच लिहिलंय. १७९६ मध्ये जेफरसन यांच्या व्हर्जिनियातला एक इलेक्टर त्यांचे प्रतिस्पर्धी ॲडम्स यांना गेला. १८०० च्या निवडणुकीआधी व्हर्जिनियाने नियमच बदलला: यापुढे सगळे एकालाच. मग बाकीच्यांना राहवेना. शेजाऱ्याने गच्चीवर पत्रे टाकले की आपणही टाकतो, तशी गत. १८३६ पर्यंत साउथ कॅरोलायना सोडून सगळे याच मार्गाला लागले होते. इलेक्टर राहू द्या, हा पत्रा काढा.

डेलावेअरकाठी

नाना, हे मला पटतंय. माझी तक्रार वायोमिंगच्या दोन जादा इलेक्टरांबद्दल नाहीच मुळी. साडूच्या टेबलावरच्या ढिगाबद्दल आहे, आणि तो ढीग या 'सगळे एकाला' मुळेच आहे.

वैशाली_कोथरूड

थांबा. नानांचा उपाय देशभर लावून बघितलाय का? २०१२ मध्ये ओबामा सुमारे ५० लाख मतांनी जिंकले. प्रत्येक राज्यात नेब्रास्काची पद्धत असती तर रॉम्नी यांना २७४ इलेक्टर मिळाले असते आणि राष्ट्राध्यक्ष तेच झाले असते. कारण मतदारसंघांच्या रेषा विधिमंडळातलं बहुमत आपल्या सोयीने आखतं. आज त्या रेषांनी हाउसच्या जागा चोरतात, उद्या राष्ट्राध्यक्षपद चोरतील. पत्रा काढायला गेलात आणि भिंत पडली.

नेब्रास्काचा नाना

२०१२ चा आकडा लागला वर्मी. मग मतांच्या प्रमाणात इलेक्टर वाटा. पेनसिल्वेनियाचे १९, तर दहा-नऊ.

वैशाली_कोथरूड

आणि वायोमिंगचे ३ कसे वाटणार? प्रत्येकी दीड?

खवचट खलबत्ता

अमेरिकेचं चाललंय ते चालू द्या. २०१८ मध्ये मध्य प्रदेशात भाजपला ४१.०२ टक्के मतं, काँग्रेसला ४०.८९. जागा १०९ आणि ११४. सरकार काँग्रेसचं. तेव्हा कुणाच्या मेव्हणीने चकल्या पाडल्या नाहीत.

बरं, 'एक माणूस एक मत, आणि सगळ्यांचं वजन सारखं' हे तत्त्व एवढं लख्ख असेल तर तेच चेन्नईत जाऊन सांगा. लोकसभेच्या राज्यवार जागांची वाटणी १९७६ मध्ये १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवली, २००१ मध्ये ती मुदत आणखी वाढवली. का? तर ज्यांनी लोकसंख्या आवरली त्यांना शिक्षा नको. म्हणजे बिहारच्या मतदाराचं वजन आपण ठरवून कमी ठेवलंय. तिथे सगळे संघराज्यवादी, आणि डेलावेअर ओलांडली की सगळे गणिती.

सातारकर गुरुजी

खलबत्त्यांशी पहिल्यांदाच सहमत. दिनांक लिहून ठेवतो.

वैशाली_कोथरूड

खलबत्ता, तुलना चुकतेय. लोकसभा ही मतदारसंघांची सभा. तिथे वाटणी कशी करायची हा वाद राहणारच, आणि दक्षिणेचं म्हणणं मला बरंचसं पटतं. राष्ट्राध्यक्ष ही एक व्यक्ती, तिचा मतदारसंघ म्हणजे अख्खा देश. अमेरिकेतच बघा, प्रत्येक राज्याचा गव्हर्नर थेट मतांनी निवडतात. टेक्सासमध्ये काउंटीवार इलेक्टर ठेवून खेड्यांचं रक्षण करावं असं तात्याही म्हणत नाहीत. मिसिसिपीत होती तशी सोय: नुसती जास्त मतं पुरत नव्हती, राज्याच्या हाउसचे बहुसंख्य मतदारसंघही जिंकावे लागायचे. १८९० च्या घटनेत ती घातली कृष्णवर्णीयांना दूर ठेवायला. २०२० मध्ये तिथल्याच मतदारांनी काढून टाकली.

खवचट खलबत्ता

मग आपला राष्ट्रपती? तोही एकच माणूस, आणि इलेक्टोरल कॉलेज इथेही आहे. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, गोव्याच्या आमदाराचं २०, सिक्कीमचं ७.

डेलावेअरकाठी

त्यात एक गंमत बघा. तिथे आकडा लोकसंख्येला आमदारांनी भागून काढतात, लहान राज्याला वरून दोन बक्षीस देत नाहीत. आणि महाराष्ट्राची २८८ मतं एकाच झोळीत पडत नाहीत. २००७ मध्ये शिवसेना एनडीएत असून प्रतिभाताई पाटलांच्या मागे उभी राहिली, भाजप शेखावतांच्या मागे. तीच गोष्ट अमेरिकेच्या नियमाने झाली असती तर निम्म्या आमदारांना घरी बसून चहा पीत बसावं लागलं असतं. शिवाय आपला राष्ट्रपती अण्वस्त्राचं बटण खिशात घेऊन फिरत नाही.

घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ३८ राज्यं लागतात, ते काही आपल्या हयातीत दिसत नाही. म्हणून मला राज्यांच्या कराराचा मार्ग बरा वाटतो. सही करणारी राज्यं म्हणतात, आमच्याकडे कुणीही जिंको, देशभरात ज्याला जास्त मतं त्यालाच आमचे सगळे इलेक्टर. सह्यांचे इलेक्टर २७० झाले की करार लागू. २००७ मध्ये मेरिलँडपासून सुरुवात झाली. २०२४ मध्ये मेन आलं तेव्हा बेरीज २०९ होती.

सातारकर गुरुजी

याचीच वाट बघत होतो. तुमच्या न्यू जर्सीनेही २००८ मध्ये या करारावर सही केली आहे. समजा तो २०२४ मध्ये लागू असता. ट्रम्प यांना देशभरात ४९.८ टक्के, हॅरिस यांना ४८.३. न्यू जर्सीत हॅरिस जवळजवळ सहा टक्क्यांनी पुढे. तरी तुमचे १४ इलेक्टर ट्रम्प यांना गेले असते. तुम्ही कुणाला मत दिले ते विचारत नाही, पण अंदाज आहे. चालले असते?

आणि ४९.८ म्हणजे निम्म्याहून कमीच. उद्या पाच उमेदवार उभे राहिले आणि ३१ टक्क्यांवाला 'जास्त मतांचा' ठरला तर? दुसरी फेरी घेणार? ती कोण घेणार? राष्ट्रीय मोजणी करणारे खातेच त्या देशात नाही. करार काँग्रेसच्या संमतीशिवाय टिकेल का, हा कज्जा वेगळाच.

डेलावेअरकाठी

गुरुजी, प्रामाणिक उत्तर देतो, त्यासाठी दोन दिवस घेतले. चाललं असतं. तोंड वाकडं झालं असतं, आमच्या कॉलनीत अंगणातल्या पाट्या जाळल्या गेल्या असत्या, पण चाललं असतं. ट्रम्पना देशभरात तेवीस लाखांच्या आसपास मतं जास्त होती. ३१ टक्क्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दुसरी फेरी हवी, आणि ती करारात नाही, हे मान्य.

साडूलाही विचारलं. तो म्हणाला, "मला काही घाई नाही, बाबा. आमच्याकडे दोघंही येतात, हात मिळवतात, औषधांच्या किमतीचं विचारलं तर ऐकल्यासारखं करतात. तुझ्याकडे कुणी येत नाही म्हणून माझ्याकडेही येऊ नये का?" ज्याच्या ताटात तूप पडतं, तो पंगत कशाला बदलेल?

टेक्सासचा तात्या

साडू शहाणा आहे. त्याला इकडे पाठवा.

एडिसनचा पाहुणा

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. मी १२ वर्षं न्यू जर्सीत आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत. मत नाही, तरी या भांडणात मी आहे. हाउसच्या जागा नागरिकांवर नाही, राहणाऱ्या सगळ्या माणसांवर वाटतात. २०२० च्या जनगणनेचा फॉर्म मीच भरला: घरात तीन डोकी. न्यू जर्सीच्या १४ इलेक्टरांत साधारण साडेसहा लाख माणसांमागे एक असा हिशेब पडतो, त्यात आम्ही तिघं आहोत. थेट मोजणी आली की माझं आणि बायकोचं वजन बरोबर शून्य.

याचा अर्थ मी गुरुजींच्या बाजूने आहे असं नाही. कोकम सरबत यांनी जे लिहिलं, मोजायचं पण मत द्यायचं नाही, ते वाचून दोन दिवस डोक्यात राहिलं. माझी आणि त्या गुलामांची तुलना करणं पाप आहे, मी स्वखुशीने आलोय, पगार घेतोय. पण माझ्या डोक्याच्या हिशेबावर दुसरं कुणीतरी मत देतं, एवढं मात्र खरं.

मुलगी २०१३ ची, इथेच जन्मलेली. तिचं पहिलं मत २०३२ मध्ये. ती परवा विचारत होती, कॉलेज पेनसिल्वेनियात घेतलं तर तिथे मत देता येतं का. मी म्हटलं, येतं. डेलावेअरकाठी, तुमच्या साडूंच्या घराजवळ भाडी काय आहेत?